रिपोर्टमध्ये ‘अँटिबॉडी पॉझिटिव्ह’ म्हणजे बरं की वाईट? हिपॅटायटिस बी मध्ये अँटिबॉडी नेमकं काय करतात

सिन्नरच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे मिस्टर अंबडच्या कंपनीत कामाला आहेत, वय ३४. कंपनीतल्या रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीतून फोन आला की एचबीएसएजी (लिव्हरला होणाऱ्या हिपॅटायटिस बी च्या विषाणूचं आवरणाचं प्रथिन) रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, आहे. सात महिन्यांनी पुन्हा तपासलं, तरी पॉझिटिव्हच. बाकीचे आकडे असे: एचबीव्ही डीएनए (रक्तात विषाणू किती आहे तो आकडा) ६४० आययू प्रति मिली, एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) २६, ई-अँटिजेन निगेटिव्ह, अँटी-एचबीई पॉझिटिव्ह, अँटी-एचबीसी टोटल पॉझिटिव्ह, अँटी-एचबीएस शून्य. डॉक्टरांनी ताईंनाही तपासणी करायला सांगितली. त्यांचं एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीसी टोटल पॉझिटिव्ह, अँटी-एचबीएस २१२. लस कधी घेतलेली नाही, कावीळ झाल्याचं आठवत नाही. चार वर्षांचा मुलगा आहे, त्याचे सगळे डोस झालेत. प्रश्न तीन आहेत: माझ्या दोन अँटिबॉडी पॉझिटिव्ह आहेत, म्हणजे मलाही आजार आहे का? माझ्या शरीरात झाल्या त्या अँटिबॉडी यांच्यात का नाही झाल्या, यांची प्रतिकारशक्ती कमी आहे का? आणि यांना आता लस दिली तर अँटिबॉडी तयार होऊन आजार जाईल का?

ताई, आधी उत्तर, मग कारणं. तुम्हाला आजार नाही. तुम्हाला कधीतरी संसर्ग होऊन गेला आणि तुमच्या शरीराने तो आटोक्यात आणला. मिस्टरांची प्रतिकारशक्ती कमी नाही. या एका विषाणूपुरती ती दमलेली आहे, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. लसीने त्यांचा आजार जाणार नाही.

गोंधळ होतो तो ‘अँटिबॉडी’ या एका शब्दामुळे. अँटिबॉडी म्हणजे विषाणूचा एखादा भाग ओळखून त्याला चिकटणारं, शरीराने बनवलेलं प्रथिन. हिपॅटायटिस बी मध्ये निदान तीन वेगवेगळ्या अँटिबॉडी तपासल्या जातात. त्यातली एकच (अँटी-एचबीएस) रक्षण करते, दुसरी (अँटी-एचबीसी) फक्त पुरावा ठेवते आणि तिसरी (अँटी-एचबीई) विषाणूचा जोर किती आहे याचा अंदाज देते. दुसरा गैरसमज याहून खोल आहे. ‘अँटिबॉडी झाली की विषाणू मेला’ असं आपण धरून चालतो. हिपॅटायटिस बी मध्ये अँटिबॉडी विषाणूला पेशीच्या बाहेर गाठते. पेशीच्या आत शिरलेल्या विषाणूपर्यंत तिचा हात पोचत नाही. आतली साफसफाई वेगळ्या पेशी करतात. हे एवढं नीट बसलं की तुमचे दोन्ही रिपोर्ट तुम्ही स्वतः वाचू शकाल.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. मिस्टरांच्या लिव्हरची प्रत्यक्ष अवस्था, घरात कुणाला लिव्हरचा कॅन्सर किंवा सिरॉसिस होता का, मधुमेह, दारू, इतर औषधं यांवर पुढचे बरेच निर्णय अवलंबून असतात, आणि ते तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचे असतात. इथे मी त्यामागचं कारण सांगतो आहे.

आता विषाणू जवळून बघू. पूर्ण विषाणूकण साधारण ४२ नॅनोमीटरचा गोल असतो. बाहेर चरबीचं आवरण आणि त्यावर रोवलेली प्रथिनं, तेच एचबीएसएजी. आपल्याकडे जुन्या लॅबच्या कागदावर अजून ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ लिहिलेलं दिसतं, ते हेच. अमेरिकन शास्त्रज्ञ बारूख ब्लूमबर्ग यांना ते पहिल्यांदा ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात दिसलं, १९६५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं, आणि पुढे १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आवरणाच्या आत एक कवच असतं, त्याला कोअर म्हणतात, आणि कोअरच्या आत विषाणूचा डीएनए.

हा विषाणू लिव्हरच्या पेशीत घुसतो तो दोन टप्प्यांत. आधी पेशीच्या पृष्ठभागावरच्या साखरेसारख्या साखळ्यांना तो सैलसर चिकटतो. मग आवरणावरच्या प्रथिनाचं प्री-एस-१ नावाचं टोक एनटीसीपी या दारात अडकवतो. या दाराचं खरं काम पित्तातले क्षार रक्तातून पेशीत ओढून घेण्याचं. हे दार म्हणजेच विषाणूचा प्रवेशमार्ग, हे २०१२ मध्ये कळलं. एनटीसीपी लिव्हरच्या पेशीवरच असतं, म्हणून हा विषाणू लिव्हरचाच आजार करतो.

अँटी-एचबीएस काम करते ती नेमकी इथे. आवरणावर ‘ए’ नावाचा एक ठरावीक भाग असतो, आणि तो बहुतेक सगळ्या प्रकारच्या हिपॅटायटिस बी विषाणूंवर सारखाच असतो. अँटिबॉडी तिथे बसली की विषाणूला पेशीला धड चिकटताच येत नाही. अँटिबॉडीला दोन हात असतात, त्यामुळे ती दोन कण एकमेकांना जोडते आणि त्यांचे गठ्ठे होतात. तिची शेपटी लिव्हरमधल्याच कुप्फर पेशींना आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींना खूण करते, आणि त्या पेशी ते गठ्ठे गिळून टाकतात. म्हणजे कामं दोन: नव्या पेशीत शिरकाव रोखणं, आणि रक्तात मोकळे फिरणारे कण उचलायला लावणं.

अँटी-एचबीसी मात्र कोअरविरुद्ध असते. कोअर आवरणाच्या आत झाकलेला. अख्ख्या विषाणूवर ही अँटिबॉडी बसणार कुठे? म्हणून ती रक्षण करत नाही. पण ती जवळजवळ प्रत्येक संसर्गात तयार होते आणि बहुधा आयुष्यभर टिकते. लसीत कोअर नसतो, म्हणून लस घेतलेल्या माणसात ती होत नाही. यावरून एक साधा नियम निघतो. फक्त अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह असेल तर लसीची प्रतिकारशक्ती. दोन्ही पॉझिटिव्ह आणि एचबीएसएजी निगेटिव्ह असेल तर संसर्ग होऊन गेलेला आणि आटोक्यात आलेला. तुमचा रिपोर्ट दुसऱ्या प्रकारचा आहे. अँटी-एचबीसीमध्येही आयजीएम आणि टोटल असे दोन प्रकार असतात. आयजीएम पॉझिटिव्ह असेल तर संसर्ग बहुधा ताजा, फक्त टोटल पॉझिटिव्ह असेल तर जुना. लॅबमध्ये नुसतं ‘अँटी-एचबीसी’ सांगितलं की कधी आयजीएमच लावतात, आणि जुना संसर्ग सुटतो. चिठ्ठीवर ‘टोटल’ असं लिहून घ्या.

तिसरी अँटी-एचबीई. ई-अँटिजेन हा विषाणूचा भाग नसतोच. विषाणू जोरात वाढत असताना पेशी ते प्रथिन रक्तात सोडते. ते जाऊन अँटी-एचबीई आली की सहसा विषाणूचा वेग मंदावलेला असतो. सहसा म्हणतो, कारण काही विषाणूंत बदल होऊन ते ई-अँटिजेन बनवायचं सोडतात आणि तरी भरपूर वाढत राहतात. म्हणून ‘अँटी-एचबीई पॉझिटिव्ह, आता काळजी नाही’ असं कुणी सांगितलं तर डीएनएचा आकडा विचारा. तुमच्या मिस्टरांचा तो सध्या कमी आहे.

आता तुमच्या शरीरात काय घडलं असेल ते बघू. विषाणू शिरल्यावर पहिले काही आठवडे शरीराला जवळजवळ पत्ताच लागत नाही. हा विषाणू सर्दीतापाच्या विषाणूंसारखा गाजावाजा करत नाही. तो लिव्हरच्या पेशीत शिरतो, केंद्रकात स्वतःच्या डीएनएची एक बंद गोल कडी बसवतो आणि तिच्यावरून नकला काढू लागतो. या कडीला सीसीसी-डीएनए म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येईल. संसर्गानंतर साधारण १ ते १० आठवड्यांत एचबीएसएजी रक्तात दिसू लागतं. मग टी पेशी, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी हेरणाऱ्या संरक्षक पेशी, जाग्या होतात आणि लिव्हरमध्ये शिरतात.

खरी लढाई ही. विषाणू बसलेली पेशी आपल्या पृष्ठभागावर त्याच्या प्रथिनांचे तुकडे मांडून दाखवते. सीडी-८ टी पेशी ते ओळखतात. काही पेशींना त्या मारून टाकतात, तेव्हा एसजीपीटी चढतं आणि डोळे पिवळे होतात. पण सगळ्याच पेशी मारल्या असत्या तर माणूस वाचलाच नसता. टी पेशी इंटरफेरॉन गॅमासारखी रसायनं सोडतात, आणि त्यामुळे पेशी न मरता आतला विषाणू बंद पडत जातो. चिंपांझींवरच्या अभ्यासात दिसलं की लिव्हरचं नुकसान शिगेला पोचण्याआधीच विषाणूचा बराचसा डीएनए नाहीसा झालेला असतो. सीडी-८ पेशी काढून टाकल्या तर ही सफाई रखडते, हेही त्याच प्रकारच्या अभ्यासांतून कळलं. म्हणजे पेशीच्या आतून विषाणू घालवला तो टी पेशींनी.

मग अँटिबॉडीचं योगदान काय? टी पेशी एक पेशी साफ करत असताना शेजारच्या पेशीतून नवे कण बाहेर पडत असतात. ते पुन्हा साफ झालेल्या पेशीत शिरले तर काम कधी संपणारच नाही. गोदावरीला पूर आल्यावर घरात शिरलेलं पाणी उपसणं आणि दाराशी गोण्या लावणं या दोन्ही गोष्टी लागतात. नुसतं उपसून भागत नाही आणि नुसत्या गोण्या लावून आतलं पाणी बाहेर जात नाही. अँटी-एचबीएस म्हणजे या गोण्या. नवजात बाळाला किंवा सुई टोचलेल्या नर्सला तयार अँटिबॉडी, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, वेळेत दिली तर संसर्ग रोखता येतो. तीच अँटिबॉडी जुन्या रुग्णाला दिली तर आजार जात नाही. आणि हिपॅटायटिस बी च्या रुग्णाचं लिव्हर बदलताना नव्या लिव्हरचं रक्षण व्हावं म्हणून गोळ्यांसोबत हेच इम्युनोग्लोब्युलिन दिलं जातं. म्हणजे दार बंद करण्याचं तिचं काम पक्कं आहे, आत शिरून साफ करण्याचं नाही.

तुमच्या मनात येईल की अँटी-एचबीएस तर बरं झाल्यावर, शेवटी दिसते, मग तिने लढाईत भाग घेतला कधी? ती आधीपासून तयार होत असते, पण रक्तातल्या एचबीएसएजीला चिकटून लगेच संपते. अँटिजेन उरलं नाही की मगच शिल्लक अँटिबॉडी रिपोर्टात दिसते. या दोन्हींच्या मधे काही आठवडे असे जातात की एचबीएसएजीही निगेटिव्ह आणि अँटी-एचबीएसही निगेटिव्ह. त्या काळात अँटी-एचबीसी आयजीएम केली नाही तर निदान हुकतं. कावीळ असलेल्या रुग्णाचं ‘ऑस्ट्रेलिया निगेटिव्ह’ बघून बी नाही असं ठरवून टाकण्यात हीच चूक होते.

अँटिबॉडी आणि अँटिजेन यांच्या जोड्या रक्तात साचल्या की त्यांचा त्रासही होतो. कावीळ दिसण्याच्या आधी काही जणांचे सांधे दुखतात, अंगावर गांधी उठतात. जुन्या संसर्गात क्वचित याच जोड्या मूत्रपिंडाच्या गाळणीत किंवा रक्तवाहिन्यांत अडकून तिथे सूज आणतात. म्हणून हिपॅटायटिस बी च्या रुग्णाच्या लघवीतलं प्रोटीन अधूनमधून तपासावं.

आता मिस्टरांचं बघू. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एका वाक्यात मावतं: संसर्ग कुठल्या वयात झाला. निरोगी प्रौढाला झाला तर ९५ टक्क्यांहून जास्त लोकांत तो आपोआप आटोक्यात येतो. जन्माच्या वेळी आईकडून झाला तर सुमारे ९० टक्के बाळांत तो कायम राहतो. बाळाची संरक्षणव्यवस्था त्या वयात आपलं कोण आणि परकं कोण हे शिकत असते, आणि हा विषाणू तिला घरचाच वाटतो. मिस्टर ३४ वर्षांचे आहेत. त्यांच्या जन्माच्या काळात ही लस आपल्या सरकारी लसीकरणात नव्हती. ती २००२ मध्ये काही भागांत सुरू झाली आणि २०११ पर्यंत देशभर पोचली. त्यांना लहानपणी संसर्ग झाला असावा आणि तुम्हाला मोठेपणी, हीच शक्यता जास्त. यात कुणाचा दोष नाही आणि कुणाच्या चारित्र्याशी याचा संबंध लावू नका.

पण लहानपणी ओळखलं नाही तर आता ३४व्या वर्षी का ओळखत नाही? याचं उत्तर विषाणूच्या एका युक्तीत आहे. लिव्हरच्या पेशी पूर्ण विषाणूसोबत २२ नॅनोमीटरचे रिकामे कण भरमसाट सोडतात. त्यांच्यात डीएनए नसतो, ते आजार पसरवू शकत नाहीत, पण वरचं आवरण तेच असतं. एका खऱ्या विषाणूमागे असे हजार ते लाखभर रिकामे कण असतात. पिंपळगावच्या बाजारात एका भरलेल्या क्रेटमागे लाखभर रिकामे क्रेट तोच शिक्का मारून पाठवले, तर तपासणारा रिकामे उचलण्यातच थकेल. अँटिबॉडीचं तसंच होतं. जी तयार होते ती रिकाम्या कणांवर खर्च होते. शिवाय वर्षानुवर्षं समोर एवढं अँटिजेन असलं की ते ओळखणाऱ्या टी पेशी थकून निष्क्रिय होतात, आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींचंही काम मंदावतं.

इथे रिपोर्टातलं ‘अँटी-एचबीएस शून्य’ कसं येतं तेही बघा. चाचणीच्या भांड्याच्या तळाशी एचबीएसएजी चिकटवलेलं असतं. रुग्णाचा सीरम घातला की त्यातली अँटिबॉडी एका हाताने तळाला धरते. मग खूण लावलेलं एचबीएसएजी घालतात, ते ती दुसऱ्या हाताने धरते. भांडं धुतल्यावर जेवढी खूण उरते तेवढी अँटिबॉडी. म्हणजे ही चाचणी फक्त हात मोकळे असलेली अँटिबॉडी मोजते. मिस्टरांच्या रक्तातल्या अँटिबॉडीचे दोन्ही हात आधीच रिकाम्या कणांनी भरलेले असतात. खास पद्धतीने या जोड्या सोडवून बघितलं तर जुन्या रुग्णांतही अँटी-एचबीएस सापडते. म्हणून ‘यांच्यात अँटिबॉडी होतच नाहीत’ हे खरं नाही. होतात, पण पुरून उरत नाहीत.

क्वचित एखाद्याचं एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस दोन्ही पॉझिटिव्ह येतं. त्याला लगेच लॅबची चूक म्हणू नका. कधी आवरणाच्या त्या ‘ए’ भागात बदल झालेला असतो आणि जुनी अँटिबॉडी तिथे नीट बसत नाही. अशा माणसाला संसर्ग आहे असंच धरायचं.

लसीचं उत्तर आता सोपं होईल. लस म्हणजे यीस्टमध्ये तयार केलेले हेच रिकामे कण. १९८१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेली पहिली लस तर संसर्ग असलेल्या माणसांच्या रक्तातूनच हे कण गाळून, शुद्ध करून बनवली होती. यीस्टमधली १९८६ मध्ये आली, आणि आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये शानवॅक-बी आणली. मोठ्या माणसाच्या एका डोसमध्ये साधारण २० मायक्रोग्रॅम अँटिजेन असतं. आता मिस्टरांच्या रक्ताच्या दर मिलीलिटर प्लाझ्मात फक्त १ मायक्रोग्रॅम एचबीएसएजी आहे असं धरू. माणसाच्या अंगात प्लाझ्मा साधारण ३ लिटर. म्हणजे झाले ३००० मायक्रोग्रॅम, आणि ते रोज नव्याने भरलं जातं. त्यात २० मायक्रोग्रॅमने शरीराला नवीन काय कळणार? निरोगी माणसात तेच २० मायक्रोग्रॅम दंडाच्या स्नायूत, ॲल्युमिनियमच्या क्षारासोबत, धोक्याची खूण घेऊन जातात, म्हणून शरीर त्याची दखल घेतं. मिस्टरांना लस दिली तर अपाय होणार नाही, पण ‘लस घेतली, आता सुटलो’ या समजुतीत तपासण्या राहून जातात. तो तोटा मोठा आहे. आणखी एक: लस घेतल्यावर साधारण १८ दिवसांपर्यंत एचबीएसएजीची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा त्या काळात तपासू नये.

तुमच्या २१२ या आकड्याबद्दल. १० मिली-आययू प्रति मिलीच्या वर असेल तर संरक्षण आहे असं धरतात. २१२ असो वा ९००, रोजच्या व्यवहारात फरक नाही. तुम्हाला लसीची गरज नाही. आकडा पुढे घटेल. एकेक अँटिबॉडी साधारण तीन आठवड्यांत निम्मी होत जाते, पण हाडांच्या मगजातल्या पेशी नव्या बनवत राहतात आणि स्मृतिपेशी राखीव असतात. या आजाराचा सुप्तकाळ १ ते ६ महिन्यांचा, त्यामुळे स्मृतिपेशींना तयारीला वेळ मिळतो. म्हणून दरवर्षी टायटर, म्हणजे अँटी-एचबीएसचा हा आकडा, करत बसू नका. डायलिसिसवरच्या रुग्णांची गोष्ट वेगळी, त्यांचं टायटर दरवर्षी बघावं लागतं.

पण तुमच्या फाइलवर एक ओळ ठळक लिहून ठेवा: ‘अँटी-एचबीसी टोटल पॉझिटिव्ह’. मघाशी सांगितलेली ती बंद गोल कडी बरं झाल्यावरही लिव्हरच्या थोड्या पेशींत राहू शकते. टी पेशी आणि अँटिबॉडी तिला दाबून ठेवतात. पुढे कधी केमोथेरपी, जास्त डोसचे स्टिरॉइड, आणि विशेषतः रिटुक्सिमॅबसारखं बी पेशीच संपवणारं औषध द्यायची वेळ आली तर हा दाब सुटतो, विषाणू पुन्हा उसळतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. औषध सुरू होण्याआधी सांगितलं तर रोजच्या एका गोळीने हे टाळता येतं. संधिवातासाठी किंवा रक्ताच्या आजारासाठी डॉक्टर बदलले तरी ही ओळ त्यांना आपणहून दाखवा.

मिस्टरांसाठी एकच रिपोर्ट बघून ‘इनॅक्टिव्ह’, म्हणजे विषाणू शांत आहे, असं म्हणायचं नसतं. पहिलं वर्षभर दर ३ ते ६ महिन्यांनी एसजीपीटी आणि मधे पुन्हा डीएनए, मग ६ ते १२ महिन्यांनी. एकदा फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालं आहे ते मोजणारी तपासणी), आणि सोनोग्राफी. डीएनए २००० च्या वर आणि एसजीपीटी वाढलेलं, किंवा लिव्हरवर व्रण, किंवा घरात लिव्हरच्या कॅन्सरचा इतिहास असेल तर औषधाचा विचार होतो. पुरुषात एसजीपीटी ३० च्या वर असेल तर लक्ष द्यावं, लॅबच्या कागदावर ४५ किंवा ५० पर्यंत नॉर्मल छापलेलं असलं तरी. औषधं म्हणजे टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर, रोज एक गोळी. ती विषाणूच्या नकला थांबवतात, पण कडी काढत नाहीत, म्हणून बहुधा वर्षानुवर्षं घ्यावी लागतात आणि मनाने बंद केली तर आजार एकदम उफाळतो. २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. नाशिकला त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये याच नावाने चौकशी करा. काही जुन्या रुग्णांत, वर्षाला साधारण शंभरात एकाचं, एचबीएसएजी आपोआप निगेटिव्ह होतं. तेव्हा रिकाम्या कणांचा लोंढा थांबलेला असतो आणि कित्येकांत अँटी-एचबीएसही दिसू लागते.

घरात कुणीतरी गुळवेलीचा काढा सुचवेल, ‘प्रतिकारशक्ती वाढते’ म्हणून. देऊ नका. इथे अडचण सर्वसाधारण ताकदीची नाही हे वर आलंच आहे, आणि गुळवेलीच्या सेवनानंतर लिव्हरला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या लिव्हरतज्ज्ञांनी २०२१ मध्ये केली आहे. काविळीची माळ घालणाऱ्यांकडेही नेऊ नका. मोठ्या माणसाची ताजी कावीळ बहुतेक वेळा आपोआप बरी होते, त्याचं श्रेय माळेला मिळतं. जुन्या संसर्गात मात्र त्या फेऱ्यांमध्ये तपासणीची वर्षं निघून जातात. कावीळ झालेला माणूस दिवसा झोपाळू झाला, बरळू लागला, तर क्षणभरही घरी थांबायचं नाही.

मुलाचं एकदा एचबीएसएजी करून घ्या. पेंटाव्हॅलंटचे (हिपॅटायटिस बी धरून पाच आजारांवरच्या एकत्र लसीचे) ६, १० आणि १४ आठवड्यांचे डोस पूर्ण असतील आणि एचबीएसएजी निगेटिव्ह असेल तर बूस्टर लागत नाही. तुम्हाला पुढे दुसरं मूल झालं तर तुमच्याकडून त्याला धोका नाही, कारण तुमचं एचबीएसएजी निगेटिव्ह आहे. जन्मानंतर २४ तासांतला डोस मात्र चुकवू नका. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, शक्यतो १२ तासांत. इम्युनोग्लोब्युलिन काही महिने पुरतं, तोवर लसीने बाळाची स्वतःची अँटिबॉडी तयार होते. गरोदरपणी आईचा डीएनए २ लाखांच्या वर असेल तर टेनोफोव्हिरही सुरू करतात. अँटिबॉडी कितीही चांगली असली तरी समोर कणांचा लोंढा असेल तर ती कमी पडते, म्हणून आधी लोंढा आटवायचा.

घरात एका ताटात जेवणं, मिठी मारणं, एकच बाथरूम वापरणं यात धोका नाही. रेझर, टूथब्रश, नेलकटर वेगळे ठेवा. वाळलेल्या रक्तात हा विषाणू किमान सात दिवस तग धरतो. रामकुंडावर मुंडन करताना किंवा जत्रेत गोंदवून घेताना नवीन ब्लेड, नवीन सुई डोळ्यांसमोर उघडायला लावा. मिस्टरांनी रक्तदान करायचं नाही, पण कंपनीतल्या कामाला याने अडचण नाही. दारू पूर्ण बंद.

राहिली सासूबाईंची, दिरांची आणि नणंदांची तपासणी. मिस्टरांना जन्मतः संसर्ग झाला असेल तर त्यांच्यापैकी कुणाला तो असू शकतो, आणि सासूबाईंना आजवर कुणी विचारलंही नसेल. प्रत्येकाचं एचबीएसएजी, अँटी-एचबीसी टोटल आणि अँटी-एचबीएस, तिन्ही एकाच वेळी करा. नुसतं एचबीएसएजी केलं तर कोणाला लस द्यायची ते ठरत नाही. तिन्ही निगेटिव्ह असतील त्यांना ०, १ आणि ६ महिन्यांनी डोस, दंडातच, कंबरेत नाही, कारण कंबरेतल्या चरबीत लस पडली तर अँटिबॉडी कमी बनते. लस गोठलेली नसावी, २ ते ८ अंशांत ठेवलेली असावी. तिसऱ्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी एकदा टायटर करा. वय चाळिशीच्या पुढे, लठ्ठपणा, मधुमेह किंवा धूम्रपान असेल तर ते १० च्या खाली राहू शकतं. तेव्हा तीन डोस पुन्हा द्यायचे, त्यानंतर निम्म्याच्या आसपास लोकांत ते वर येतं. अँटी-एचबीसी एकटीच पॉझिटिव्ह आली, बाकी दोन्ही निगेटिव्ह, तर आधी तीच चाचणी पुन्हा करा आणि डीएनए बघा, मग लसीचं ठरवा. सासूबाईंना तपासणीला नेताना ‘तुमच्यामुळे झालं का ते बघायचंय’ असं म्हणू नका. ‘तुमचं लिव्हर ठीक आहे ना ते बघून घेऊ’ एवढंच सांगा, कारण त्यांचं एचबीएसएजी पॉझिटिव्ह निघालं तर त्या वयात सोनोग्राफी आणि डीएनए सगळ्यात आधी त्यांचंच करावं लागेल.